समासातली नोंद

आमच्या चर्चच्या ऑफिसात खिडकीला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली सव्वीस वर्षं माझ्याकडे होती. वरच्या खणात स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वह्या, मधल्या खणात लग्नाच्या आणि सगळ्यात खाली मृत्यूच्या. वह्या जाड पुठ्ठ्याच्या, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतात अशा. जुन्यांची शाई तपकिरी पडली आहे. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दर मे महिन्यात मी त्या एकेक करून व्हरांड्यात सावलीला उघडून ठेवायचे, आणि वाऱ्यानं पानं उलटू लागली की तिथंच स्टुलावर बसून वाचत राहायचे.

वसईबाहेर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी मला नेहमी विचारायच्या, रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना होते, नाताळला रोषणाई होते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण सोमवारी सकाळी तू किल्ली घेऊन तिथं जातेस ती कशासाठी? त्यांना फोनवर दिलेली उत्तरं नेहमी अर्धवट राहिली. आज सगळं सांगते.

आमच्यात प्रत्येक चर्चच्या वाट्याला जमिनीचा एक ठरलेला तुकडा येतो. त्याला आम्ही धर्मग्राम म्हणतो. आमच्या धर्मग्रामाची हद्द एका बाजूला ओढ्याशी संपते आणि दुसऱ्या बाजूला एका बावखलाशी. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं; केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांना त्यातून पाणी मिळायचं. या हद्दीत जो कॅथॉलिक राहतो, तो या चर्चचा. तो रविवारी येवो न येवो, त्याचं फादरांशी पटो न पटो. त्याला चर्च निवडावं लागत नाही, आणि चर्चलाही त्याला टाळता येत नाही.

१९८३ पासून लागू असलेल्या चर्चच्या कायद्यात प्रमुख धर्मगुरूंची कर्तव्यं सांगितली आहेत. त्यांत मिस्सा आणि प्रवचन आहेच. पण त्याच कायद्यात असंही आहे, की त्यांनी आपल्या माणसांना ओळखावं, घरोघर जावं, त्यांच्या काळज्यांत आणि दु:खांत वाटेकरी व्हावं, आणि गरीब, पीडित, एकटी पडलेली, आपल्या देशाला मुकलेली माणसं विशेष कष्ट घेऊन शोधावीत. दाराशी येईल त्याला मदत करावी, इतकंच सांगून तो कायदा थांबत नाही. शोधायला निघा म्हणतो. ऑफिसात लागले त्या वर्षी आमच्या तेव्हाच्या फादरांनी मला हे कलम मराठीत समजावून सांगितलं होतं. पुढं एकदा मी ते विसरले, ते सांगेनच.

शोधायचं तर कोण कुठं आहे हे आधी माहीत हवं. वह्या त्यासाठी. स्नानसंस्काराच्या वहीत बाळाचं नाव, जन्मतारीख, संस्काराची तारीख, आईबाप, बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता, आणि फादरांची सही. आमच्याकडे आडनावं मोजकी, लोपीस, परेरा, तुस्कानो, रॉड्रिग्ज, डिसोजा, आणि नावं संतांची. त्यामुळे एकाच आळीत एकाच नावाची तीन माणसं सहज निघतात. मग आईचं माहेर आणि धर्मपित्याचं नाव यांवरून कोण कुणाचा ते लावायचं. हे काम संगणकावर आल्यानंतरही मला वहीच उघडावी लागायची, कारण संगणकात समास नाही.

वहीत प्रत्येक नोंदीच्या बाजूला समास सोडलेला असतो. माणूस मोठा होतो, त्याचा दृढीकरणाचा संस्कार होतो, लग्न होतं. कुणी धर्मगुरू होतो, कुणी सिस्टर होऊन कायमची व्रतं घेते. हे जगाच्या पाठीवर कुठंही घडो, त्याची खबर जिथं स्नानसंस्कार झाला त्या चर्चला कळवायची, आणि तिथं ती मूळ नोंदीच्या शेजारी लिहायची, असा नियम आहे. कुवेतहून, टोरांटोहून, मेलबर्नहून आमच्याकडे पत्रं यायची : आपल्याकडे स्नानसंस्कार झालेल्या अमुक व्यक्तीचा विवाह अमुक तारखेला आमच्या चर्चमध्ये झाला. मी कपाट उघडून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची वही काढायचे. पोरगा कधीच वसई सोडून गेलेला, त्याची वाडी विकून तिथं इमारत उभी राहिलेली, आईबाप दफनभूमीत. त्याची ओळ मात्र पानावर असायची, आणि त्या ओळीशेजारी मी त्याच्या बायकोचं नाव लिहायचे.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. लग्न ठरलं की दोघांकडून स्नानसंस्काराचा नव्यानं काढलेला दाखला मागतात, जुना चालत नाही. नव्या दाखल्यात समासातलं सगळं उतरवावं लागतं, म्हणजे आधीचं लग्न लपवून दुसरं करता येत नाही. एका मुलीचं आयुष्य या समासानं वाचवलेलं मी पाहिलं आहे. त्याहून जास्त लिहीत नाही. ती आता सुखात आहे.

आणि मग म्हातारी माणसं. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी सुईणीच्या हातून घरात जन्मलेल्या कित्येकांची सरकारदरबारी नोंद सापडत नाही. पेन्शनसाठी, पासपोर्टसाठी ती आमच्या खिडकीशी येतात. एका आजीला स्वत:चं जन्मसाल माहीत नव्हतं. ‘‘बाय, मोठं वादळ झालं ना, त्या साली, भाताची झोडणी चाललेली,’’ एवढंच आईनं तिला सांगितलेलं. मुंबईवर आलेलं ते वादळ नोव्हेंबर १९४८ चं. मी वही काढली, आणि दुसऱ्याच पानावर तिचं नाव मिळालं. तारीख ऐकून तिला विशेष काही वाटलं नाही. धर्ममातेचं नाव वाचून दाखवलं तेव्हा मात्र तिनं खिडकीचा गज धरला. ती धर्ममाता म्हणजे शेजारची एक निपुत्रिक बाई. लहानपणी रोज संध्याकाळी हिला भाकरी द्यायची. ती का देते, हे हिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सगळीच चर्च अशी माणसांसकट टिकली नाहीत. वसईच्या किल्ल्यात फिरायला गेलात तर छप्पर उडालेल्या उंच भिंती दिसतील. ती चर्च आहेत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राजवट गेली तशी किल्ल्यातल्या भव्य चर्चभोवतीची वस्तीही गेली, आणि भिंतींवर पिंपळ उगवले. किल्ल्याबाहेरच्या गावांतली, पापडी, रमेदी, संडोर, नंदाखाल, आगाशी इथली चर्च मात्र आजही रोज सकाळी उघडतात. त्यांच्याभोवती इथलाच शेतकरी होता, आणि त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा, लाल लुगड्यातल्या बायकांचा हा समाज जिथल्या तिथं राहिला. माझी आजी लॅटिनमधल्या मिस्सेला अर्थ न कळता उत्तरं द्यायची. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. आजीला पहिल्यांदा आपली प्रार्थना कळली. याच वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे तुम्हांला आठवत असेल.

धर्मग्रामाच्या अंगणातून काय काय उभं राहिलं याचं एकच उदाहरण देते, कारण त्याचा आमच्या घराशी संबंध आहे. १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी बसीन कॅथॉलिक पतपेढी सुरू केली. आज ती बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातून सुटावी हा त्यामागचा विचार. रविवारी मिस्सेला येणारा माणूस कोण, त्याची वाडी केवढी, त्याच्यावर कर्ज किती आणि तो शब्दाला किती पक्का, हे धर्मगुरूला माहीत असायचं. पतपेढीला लागते ती हीच माहिती. माझ्या आजोबांची रहाटाची विहीर अशाच कर्जावर बांधली गेली. ती अजून आहे; पाणी आता मचूळ लागतं.

आता आमच्या गुरुवारच्या घरभेटींबद्दल.

संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी बहुतेक धर्मग्रामांत असते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ती सुरू केली. एका वादसभेत विरोधकांनी या मुलांना विचारलं होतं, तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, पण आज ते गरिबांसाठी काय करतं? मुलं उत्तर शोधत बसली नाहीत. रोझाली रांदू नावाच्या एका सिस्टरनी गरीब वस्तीतली घरं दाखवली, आणि ती त्या घरी जाऊ लागली. पद्धत आजही तीच. दोघांनी मिळून जायचं, घरात जाऊन बसायचं, बाहेर कुठं बोलायचं नाही. आठवड्याच्या सभेत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकानं मिटलेली मूठ आत घालायची. कुणी शंभर टाकले, कुणी दहा आणि कुणी नुसतीच मूठ उघडून मिटली, कुणाला कळत नाही. ज्याच्या घरी आपण गेल्या वर्षी तांदूळ नेले तो या वर्षी आपल्या शेजारी बसलेला असू शकतो, म्हणून.

सोसायटीच्या भेटींतले माझे जोडीदार काका म्हणजे एस. टी.चे निवृत्त कंडक्टर. आमच्या भेटींच्या यादीत एक घर होतं. नवऱ्याला लकवा मारलेला. बायको पहाटेच्या गाडीनं कागडा आणि जास्वंद घेऊन दादरच्या फुलबाजारात जायची, अकराला परत यायची. पहिल्या गुरुवारी आम्ही तांदूळ, डाळ आणि तेल घेऊन गेलो. तिनं पिशवी पाहिली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘तांदूळ आहे घरात. याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, तेवढं बघा.’’ मला तोंड वर करवेना. मी यादीत त्यांच्या नावापुढं ‘धान्य’ लिहून मोकळी झाले होते. काका मात्र खाटेवर जाऊन बसले आणि अर्नाळ्याच्या रस्त्यावर रात्री बस बंद पडली होती ती हकिकत सांगू लागले. पेशंटचं अर्धं तोंड हसलं. त्या घरी आम्ही चार वर्षं गेलो, आणि धान्य एकदाही नेलं नाही. मी त्या अकरा वाजेपर्यंतच्या वेळात त्याला पेपर वाचून दाखवायचे; त्याला भाजीचे भाव आधी ऐकायचे असत.

यादीत सगळ्या धर्मांची घरं असतात. लोकांना याचं नवल वाटतं. पण हद्द जमिनीची आहे, आणि जमिनीवर सगळेच राहतात.

कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते. तिच्या संथ ठोक्यांवरूनच कळतं की ही मिस्सेची नव्हे. घंटा ऐकली की बायका कामं थांबवून ओट्यावर येतात आणि कोण गेलं ते विचारतात. पंचवीस-तीस घरांचा एक ‘समूह’ असतो. त्या समूहातली माणसं न बोलावता त्या घरी पोचतात. एकजण डॉक्टरांच्या दाखल्यामागं, एकजण फादरांकडे, कुणी खड्ड्याचं बघायला, कुणी चहाचं पातेलं घेऊन. घरच्यांनी फक्त मृताजवळ बसायचं. २०२० आणि २०२१ मध्ये हे सगळं थांबलं होतं. मोजकी माणसं दफनाला, बाकीचे घरात कोंडलेले. तेव्हाही घंटा वाजायची, आणि प्रत्येकजण आपापल्या दारात उभा राहून जपमाळ म्हणायचा. त्या दोन वर्षांची मृत्यूची वही मी अजून सलग वाचू शकत नाही.

जुलै २०१८ च्या पावसात वसई पाण्याखाली गेली आणि वीजही गेली. तेव्हा आमचा हॉल उघडला, मोठी पातेली बाहेर आली, खिचडी शिजली. असं बऱ्याच ठिकाणी झालं असेल. मला आठवतं ते वेगळं. पहिल्या संध्याकाळी समूहांचे प्रमुख ओल्या कपड्यांत ऑफिसात उभे होते, आणि कोणत्या घरात खाटेला खिळलेलं माणूस आहे, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुठं बाळंतीण आहे, हे वही न उघडता सांगत होते. तिसऱ्या आळीतल्या आजींना तरुण पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. वर्षानुवर्षं लोकांच्या घरी जपमाळेला जाणं आणि चहा पिणं त्या रात्री उपयोगी आलं.

आता ती चूक. ती माझी आहे.

वाड्या गेल्या, इमारती आल्या. केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे लोक आले. पूर्वेकडच्या कारखान्यांत झारखंडची, ओडिशाची पोरं आली. त्यांच्यातही पुष्कळ कॅथॉलिक. एका दुपारी बंद व्हायच्या वेळेला असाच एक तरुण खिडकीशी आला. झारखंडचा, भाड्याच्या खोलीत राहणारा. बायको दिवसांत होती, एका हॉस्पिटलात सवलत मिळावी म्हणून त्याला चर्चचं पत्र हवं होतं. मी वहीत पाहिलं. नाव नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुझ्या गावच्या चर्चचं पत्र आण, मग बघू. नियमानं ते बरोबर होतं. तो ‘‘जी’’ म्हणाला, टोपी घालून निघून गेला. त्याचं गाव किती लांब, पत्र यायला किती दिवस, बाळंतपणाला किती उरले, यातलं काहीच मी विचारलं नाही. पत्ताही लिहून घेतला नाही.

रात्री जेवताना ते कलम आठवलं. आपल्या देशाला मुकलेली माणसं. शोधावीत. मी तर दाराशी आलेल्याला परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी फादरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले. चाळी, इमारती, कारखान्यांजवळच्या खोल्या असे आम्ही तीन दिवस फिरलो. अखेर एका चाळीत सांगितलं, ते दोघं कालच गाडीत बसून गावी गेले. इतक्या अवघडलेल्या अवस्थेत, दोन दिवसांचा प्रवास. त्या बाईचं काय झालं, मूल कुठं जन्मलं, मला कधीच कळलं नाही. ही गोष्ट मी कुणाला फारशी सांगितलेली नाही.

त्या आठवड्यात फादरांनी एक कोरी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘यात ज्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत त्यांची लिहायची.’’ आम्ही तिला भाडेकरूंची वही म्हणू लागलो. रकाने तीनच : नाव, खोली कुठं, काय हवं. धर्माचा रकाना फादरांनी मुद्दाम ठेवला नाही. समूहांच्या प्रमुखांना सांगितलं, की आपल्या हद्दीत नवं कोण आलं ते दर महिन्याला कळवा, वॉचमनच्या खोलीपासून वरच्या मजल्यापर्यंत. सुरुवातीला लोक कुरकुरले. ती माणसं आज आहेत, उद्या नाहीत, कशाला लिहायची? फादर प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचे, म्हणूनच लिहायची. त्या वहीमुळे हिंदीतली मिस्सा सुरू झाली, बायकांसाठी रविवारचा दवाखाना सुरू झाला, आणि कित्येक खोल्यांत पावसाळ्याआधी ताडपत्री पोचली. आता अशा चार वह्या आहेत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सिमडेगा जिल्ह्यातल्या एका चर्चचं पत्र आलं, हिंदीत. आमच्याकडे १९९९ साली स्नानसंस्कार झालेल्या एका मुलीचा विवाह झाल्याचं कळवलं होतं. मुलीचं नाव मला आठवेना. वही काढली. नोंद माझ्याच अक्षरात होती. वडिलांच्या व्यवसायापुढं ‘कामगार’, पत्त्याच्या जागी एका चाळीचं नाव. ती चाळ आता नाही. ज्याला मी परत पाठवलं त्याच्याशी या कुटुंबाचा काही संबंध नव्हता. तो पुढं पुष्कळ वर्षांनी आला. ही कुणी वेगळी माणसं, वर्षभर इथं राहिली असतील, आणि गेली असतील.

माझ्या जागी येणारी मुलगी शेजारी उभी होती. समासात कुठून सुरू करायचं, तारीख आधी की नाव, हे ती पाहत होती. मी जोडीदाराचं नाव, लग्नाची तारीख, चर्चचं नाव आणि गाव अशी ओळ लिहिली, खाली सही केली. शाईचं पेन होतं. पंखा बंद केला, ओळ वाळेपर्यंत आम्ही दोघी थांबलो, आणि मग तिनं वही उचलून खणात ठेवली.